वस्तू कुणाची?

मंडळी, दृष्टांत आपल्या अलिबागेतलाच घेऊ. समजा, बाजारात जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानदार माळकरी, वारी न चुकवणारा. दिवेलागणीला एक तरुण गोणपाटात गुंडाळलेली दुनळी बंदूक घेऊन आला. "काका, सरखेल कान्होजी आंग्र्यांची आहे. दहा हजार द्या, कागद मागू नका." (आमच्याकडे फुटकी घागरसुद्धा आंग्र्यांचीच असते, ते सोडा!)

दुकानदारानं घोडा पाहिला. बंदूक टोपीची. टोपीची बंदूक निघाली एकोणिसाव्या शतकात, आणि कान्होजींनी देह ठेवला १७२९ साली. म्हणजे बात खोटी. पण वस्तू खरी, लाखाची! आणि मुलीचं लग्न दीड महिन्यावर. १९५९ चा शस्त्रांचा कायदा, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा, दोन्ही त्याला पाठ. तरी हात बंदुकीवरून निघेना.

तुकोबारायसुद्धा दुकानदारच की हो! कर्जखतं इंद्रायणीत सोडली, पण किती? आपल्या वाट्याची. धाकटे बंधू कान्होबा, त्यांची खतं त्यांच्या हाती दिली. सोडायचं तेही आपलंच सोडायचं, मग विकायचं कुणाचं?

दुकानदारानं विचारलं, "बाळा, ही कुणाच्या भिंतीवरून उतरवलीस?"

पोरगा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबांच्या. त्यांना आता दिसत नाही."

दुकानदारानं शटर ओढलं. "गुंडाळ ती. मी येतो बरोबर. खुंटीला लावू आणि त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवू."

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!