बारापैकी उरले दोन

असोसिएटेड प्रेस ही अमेरिकी वृत्तसंस्था कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या पंचवीस संघांची यादी दर आठवड्याला जाहीर करते. सप्टेंबर 2023 मध्ये, हंगाम जेमतेम सुरू झाला असताना, या यादीत पॅक-12 या एकाच गटाचे आठ संघ झळकले. पश्चिम किनाऱ्यावरच्या या गटाला इतकं यश पूर्वी कधी लाभलं नव्हतं. गंमत अशी, की तोवर बारापैकी दहा विद्यापीठांनी गट सोडत असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. गटाचा हा भरभराटीचा हंगाम जुन्या रूपातला शेवटचाच ठरणार होता.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे गोव्यात किंवा कोल्हापुरात रंगतो तो नव्हे. इथे अंडाकृती चेंडू, डोक्याला हेल्मेट, अंगाला जाड पॅड आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायची सक्ती. हे करता करता शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला तर टचडाउन, म्हणजे सहा गुण. दोन खांबांच्या मधून लाथेनं मारला तर तीन. खेळणारे कॉलेजचे विद्यार्थी. पण सिअ‍ॅटलच्या हस्की स्टेडियममध्ये त्यांना पाहायला सत्तर हजार माणसं बसतात. टीव्हीवर पाहणारे काही लाख असतात ते वेगळेच, आणि सगळा घोळ त्या टीव्हीनंच केला.

गटाची पाळंमुळं 1915 मधली. पोर्टलंडमध्ये चार शिक्षणसंस्था एकत्र आल्या: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि ऑरेगनचं कृषी महाविद्यालय, म्हणजे आजचं ऑरेगन स्टेट. शेजारपाजारच्या कॉलेजांनी आपसांत खेळावं, नियम एक असावेत, प्रवास आटोक्यात राहावा, इतका साधा हिशोब. मग वॉशिंग्टन स्टेट आलं, स्टॅनफर्ड आलं, लॉस एंजेलिसची दोन बडी विद्यापीठं आली, पुढे अ‍ॅरिझोनाची दोन. 2011 मध्ये कोलोराडो आणि युटा येऊन मिळाले आणि बारा पुरे झाले.

यातल्या वॉशिंग्टन स्टेटशी महाराष्ट्राचा एक जुना धागा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नाव कमावलेले शेतीशास्त्रज्ञ, 1910च्या दशकाच्या सुरुवातीला पुलमन गावातल्या याच कॉलेजात शेती शिकले. पुलमन म्हणजे गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या टेकड्यांमधलं लहानसं गाव. त्याचं हे लहानपणच पुढे त्याला नडलं.

कारण टीव्हीवाले गावाचा आकार पाहतात. पॅक-12 नं 2012 पासून बारा वर्षांसाठी सुमारे तीन अब्ज डॉलरना प्रक्षेपणाचे हक्क विकले होते. त्यासोबत स्वतःची वाहिनीही काढली, पण डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर ती कधी पोचलीच नाही, त्यामुळे लाखो घरांत ती दिसली नाही. तिकडे मध्य-पश्चिमेतल्या बिग टेन गटाचं उत्पन्न फुगत गेलं. 30 जून 2022 रोजी सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची सगळी बाजारपेठ, बिग टेनकडे जाणार असल्याचं जाहीर झालं. दोनच महिन्यांत बिग टेननं सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला.

उरलेल्या दहा जणांसाठी आयुक्त जॉर्ज क्लियावकॉफ वर्षभर गिऱ्हाईक शोधत फिरले. हाती आला तो अ‍ॅपलचा प्रस्ताव: सामने फक्त इंटरनेटवर, आणि वर्गणीदार वाढतील तसे पैसे वाढतील. जुलै 2023 च्या अखेरीस कोलोराडोनं बिग 12 या दुसऱ्या गटाची वाट धरली. 4 ऑगस्टला ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट व युटा बिग 12 कडे, असे पाच जण एका दिवसात गेले. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं आत घेतलं, तेही कमी वाट्यावर. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या नावानं खेळणार! भूगोलाच्या मास्तरांनी यावर काय म्हणावं? मागे राहिली ती पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन स्टेट. दोन्ही लहान गावांतली, दोन्ही शेतकी शिक्षणाची परंपरा असलेली. ऑरेगन स्टेटनं तर आपलं स्टेडियम सोळा कोटी डॉलर खर्चून तेव्हाच नवं केलं होतं.

आणि अशा वेळी खेळ सुरू झाला.

2 सप्टेंबरला कोलोराडोनं टेक्सासात जाऊन टीसीयूला 45-42 असं हरवलं. टीसीयू आदल्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेला संघ. कोलोराडो त्याच हंगामात बारापैकी अकरा सामने हरलेला. फरक पडला तो नव्या प्रशिक्षकामुळे. एके काळचे नामांकित खेळाडू डीऑन सँडर्स काळा चष्मा लावून आले, जवळपास सगळा संघच बदलून टाकला, आणि आपला मुलगा शडूर याला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, केलं. 16 सप्टेंबरचा कोलोराडो स्टेटविरुद्धचा सामना पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले तरी चालला होता, आणि तो नव्वद लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. पश्चिमेकडचे सामने रात्री उशिरा होतात म्हणून त्यांना प्रेक्षक नाही, असं ठासून सांगणाऱ्या टीव्ही कंपन्यांना हे उत्तर मिळालं खरं, पण करार होऊन गेल्यावर. पुढच्याच आठवड्यात ऑरेगननं कोलोराडोला 42-6 असं धुतलं. ऑक्टोबरात तर मध्यंतराला 29-0 अशी आघाडी असूनही हा संघ स्टॅनफर्डकडून हरला. अखेर हिशोब झाला चार विजय, आठ पराभव. गाजावाजा मात्र विजेत्याला लाजवील असा.

ऑरेगननं कोलोराडोला धुतलं त्याच दिवशी, 23 सप्टेंबरला, पुलमनमध्ये एक सामना झाला. वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध ऑरेगन स्टेट. दोन्ही बेघर संघ पहिल्या पंचविसात. वॉशिंग्टन स्टेटनं 38-35 असा तो जिंकला. त्याआधी याच संघानं बिग टेनच्या विस्कॉन्सिनलाही घरच्या मैदानावर हरवलं होतं. खेळाच्या दर्जावर गट ठरत असते तर या दोघांना दारात उभं करायला कुणी नाही म्हटलं नसतं.

हंगामाचा खरा नायक मात्र सिअ‍ॅटलचा वॉशिंग्टन संघ. प्रशिक्षक केलन डिबोअर, क्वार्टरबॅक डावखुरा मायकल पेनिक्स, आणि त्याचे लांबलचक पास हवेतून खेचून घेणारा रोम ओडुन्झे. सुरुवातीचे सामने सोडले तर हा संघ दणक्यात जिंकला नाही. सप्टेंबरअखेरीपासून सलग दहा सामने जिंकले आणि एकाही सामन्यातलं अंतर दहा गुणांच्या वर गेलं नाही. 14 ऑक्टोबरला ऑरेगनविरुद्ध 36-33. शेवटच्या क्षणी ऑरेगनची किक बाहेर गेली म्हणून. पुढच्या आठवड्यात अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्ध आक्रमक फळीला एकही टचडाउन जमला नाही, तरी बचावपटूनं प्रतिस्पर्ध्याचा पास पकडून 89 यार्ड धाव घेतली आणि सामना 15-7 असा वाचला. सिअ‍ॅटलच्या परिसरात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे स्थायिक झालेली मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यातल्या मुलांच्या अंगावर वॉशिंग्टनचे जांभळे शर्ट का दिसतात, ते अशा शनिवारांमुळे.

25 नोव्हेंबरला अ‍ॅपल कप. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट 1900 पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. 21-21 अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ शिल्लक, चेंडू वॉशिंग्टनच्या स्वतःच्या 29 यार्डांवर आणि चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न. एक यार्ड हवं. शहाणा प्रशिक्षक इथे चेंडू लांब मारून मोकळा होतो, कारण प्रयत्न फसला तर सामना गेलाच. डिबोअर यांनी चेंडू ओडुन्झेच्या हाती दिला. तो कडेनं 23 यार्ड पळाला. मग ग्रेडी ग्रॉसनं 42 यार्डांवरून अखेरची किक मारली, 24-21. ग्रॉस शिष्यवृत्तीशिवाय संघात खेळत होता. सामना संपल्यावर ड्रेसिंग रूममध्येच त्याला ती जाहीर झाली.

1 डिसेंबरला लास वेगासमध्ये गटाचा अंतिम सामना. पुन्हा ऑरेगन, पुन्हा तीनच गुणांनी: 34-31. नववर्षाच्या दिवशी शुगर बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात, टेक्सासवर 37-31 अशी मात, आणि 8 जानेवारी 2024 रोजी ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय अंतिम सामना. तिथे मिशिगननं 34-13 असं हरवलं. मिशिगन बिग टेनचा संघ. म्हणजे वॉशिंग्टननं शेवटचा सामना आपल्या होणाऱ्या घरच्या माणसांशीच गमावला. चारच दिवसांत डिबोअर अलाबामाला निघून गेले. खेळाडू, प्रशिक्षक, विद्यापीठं सगळेच जागा बदलत होते, पण यात सगळ्यात कमी विचारलं गेलं ते व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना. त्यांच्या खेळांचे टीव्ही करार कुणाला श्रीमंत करत नाहीत. चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला मधल्या वारी सामना खेळून वर्गात परतायचं, ते मात्र त्यांनाही आलं.

मैदानाबाहेरची लढाई पुलमनजवळच्या कोलफॅक्स गावात लढली गेली. वाटणी मागून वेगळे झालेले भाऊ जुन्या घराच्या तिजोरीवरही हक्क सांगू लागावेत, तसा हा दावा: जाणाऱ्या दहा विद्यापीठांना गटाच्या मंडळावर मत हवं होतं. उरलेल्या दोघांनी कोर्टात धाव घेतली. 14 नोव्हेंबर 2023 रोजी न्यायाधीश गॅरी लिबी यांनी मंडळाचा कारभार मागे राहिलेल्यांच्या हाती दिला, आणि महिनाभरानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. डिसेंबरात तडजोड झाली; जाणाऱ्यांनी साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडलं.

गटात आठ सदस्य नसले तरी दोन वर्षांची सवलत मिळते, असा राष्ट्रीय नियम आहे. त्या आधारावर 2024 मध्ये दोघांचाच गट मैदानात उतरला, उरलेले सामने बहुतेक माउंटन वेस्ट गटातल्या संघांशी ठरवून. आयुक्तपदी टेरेसा गूल्ड आल्या. मग बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट अशा नावांची जुळवाजुळव करून 2026 पासून नवा पॅक-12 उभा करायचं ठरलं. तोवर, 14 सप्टेंबर 2024 रोजी, सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅपल कप पुन्हा खेळला गेला, पण दोन वेगळ्या गटांतले संघ म्हणून. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टन गोलरेषेपासून यार्डभर दूर होतं. चौथ्या प्रयत्नात पुलमनच्या बचावफळीनं त्यांना अडवलं आणि सामना 24-19 असा जिंकला.