नवघरचे ऊन आणि ‘ड’ जीवनसत्त्व
(नवघर येथे शिक्षक व आरोग्यसेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाईंदरच्या या पूर्वभागाला उन्हाची वाण कधीच नव्हती. येथील मिठागरे उन्हावरच पिकली. खाडीचे पाणी खाजणात घ्यावे, वाफ्यांत आटवावे आणि पावसापूर्वी मीठ ओढून त्याची रास घालावी, हा येथील आगरी कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय. अशा ठिकाणी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाविषयी बोलावे लागावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मिरा-भाईंदरमध्ये आज असंख्य माणसे सकाळी लोकल गाठतात, दिवस कचेरीत काढतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. ऊन तेच आहे, ते अंगावर पडेनासे झाले आहे.

हे जीवनसत्त्व नेहमीच्या आहारातून फारसे मिळत नाही. सूर्यप्रकाशातील ‘ब’ प्रकारचे अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे ते शरीरातच तयार होते. त्याच्या अभावी कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मुलांना मुडदूस होतो, प्रौढांची हाडे मऊ पडून ठणकू लागतात.

येथे एका रूढ समजुतीचा विचार केला पाहिजे. कोवळे ऊन घ्यावे, असे आपण ऐकत आलो आहोत. ते सुखद असते यात वाद नाही. तथापि सूर्य क्षितिजालगत असताना किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि नेमके हे उपयुक्त किरण वाटेतच शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे, ही साधी खूण विद्यार्थ्यांनाही शिकवता येईल. मे महिन्यात ती वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र मध्यान्हीच्या आसपासच. म्हणून हिवाळ्यात कवायतीचा तास भल्या सकाळी ठेवण्यापेक्षा मधल्या सुटीला जोडून ठेवणे अधिक हितावह. चेहरा व हात उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस पंधरा ते तीस मिनिटे सर्वसाधारणपणे पुरतात. सावळ्या वर्णाला थोडी अधिक लागतात. बंद काचेआडून घेतलेले ऊन या कामी व्यर्थ होय. तान्ह्या बालकांना मात्र कडक उन्हात न नेता डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब द्यावेत.

याउलट मिठागरात, शेतात वा रस्त्याच्या कामावर दिवसभर राबणाऱ्याला आणखी उन्हाची गरज नाही. ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा जीवनसत्त्व साठवीत नाही, त्याचे निरुपयोगी द्रव्यांत रूपांतर करते. त्वचेचे व डोळ्यांचे नुकसान तेवढे वाढत जाते. मिठाच्या पांढऱ्या राशींवरून परावर्तित होणारा प्रकाश खालूनही डोळ्यांत शिरतो. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणांचाही वाटा आहे. अशा कामगारांना रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गडद चष्मा आणि दुपारी सावलीतील विश्रांती मिळावी. मुकादमाने हे पाहावयाचे, की कामगाराने स्वखर्चाने करावयाचे? माझ्या मते ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. अंगावर कोड असलेल्यांनी डागांच्या जागी विशेष जपावे, कारण तेथे रंगद्रव्याचे संरक्षण नसते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज ६०० एककांची शिफारस केली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीत मात्र ६०,००० एकके असतात. ती बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक काळच घ्यावयाची असते. उन्हाने या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. रोज पुडी घेतल्यास होतो, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. आरोग्यसेविकांनी घरभेटीत औषधाची चिठ्ठी पाहून, पुडी कोणत्या वारी घ्यावयाची ते घरच्या दिनदर्शिकेवर लिहून द्यावे.