संशोधनाचा आराखडा एकाच पावसावर बेतू नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा मी नुकताच कृषी पदवीधर झालो होतो. बोंडअळीचा प्रश्न मिटला, असे मी गावोगाव सांगत फिरलो. फवारे कमी झाले, हे खरेच होते. 'मिटला' हा शब्द मात्र खोटा होता. ती चूक माझी.

बॅगेसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे यायचे. ते कडेने लावा, तिथल्या अळ्या विषाला सरावणार नाहीत, असे मी सांगायचो. एका म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, अळ्यांच्या जेवणावळीचा खर्च कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शेतकऱ्याने तोटा सोसला तरच यशस्वी होणारी योजना मुळातच कच्ची असते.

२००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. वाण मात्र संकरितच, तेही बहुतेक लांब मुदतीचे. संकरिताच्या एकाच बोंडात काही सरकी विषाची, काही बिनविषाची निघते. गुलाबी अळीला सरावायला याहून चांगली शाळा नाही. त्यात भर फरदडीची. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात काय झाले, ते तुम्ही बोंडे फोडून पाहिले आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये हीच अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटीच्या जोडीला वांझ पतंग सोडले होते, कामगंध सापळे लावले होते. एका खांबावर मांडव घातला नव्हता.

म्हणून प्रयोगशाळेला आपले सांगणे आहे: उद्याचा दिवस कसा उगवेल हे कोणालाच ठाऊक नाही, तर आराखडाही एकाच उद्यासाठी करू नका. पाऊस लांबला तर? अळी सरावली तर? आणि परवानगीच अडकली तर? बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये होकार दिला, २०१० मध्ये सरकारने ते थांबवले. बांगलादेशने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे वांग्यावरचे फवारे चालूच राहिले.

२०२५ च्या मे महिन्यात जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. चांगली गोष्ट आहे. पण मागची चूक पुन्हा नको. आपल्या मागण्या तीन.

एक, नव्या जनुकासोबत कमी मुदतीच्या सरळ वाणांवरही तितकाच पैसा लावा. एक वाट बंद झाली तर दुसरी तयार हवी.

दोन, कीड सरावते आहे का, याची तपासणी पहिल्या हंगामापासून करा आणि निष्कर्ष मराठीत गावापर्यंत पोचवा.

तीन, चाचण्या कोरडवाहू शेतातही घ्या. होकार असो वा नकार, ठरल्या मुदतीत आणि कारणासह द्या.

आपले विज्ञानाशी भांडण नाही. भांडण आहे ते 'आता काळजी नको' असे सांगणाऱ्यांशी. कधीकाळी मीही त्यांतलाच होतो.

जाताना एक काम घेऊन जा. या हंगामात आपल्या शेतात पहिली डोमकळी कोणत्या तारखेला दिसली, ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला वही आणा. आराखडा कुठून सुरू करायचा, ते त्या वह्याच सांगतील.