धर्माचे पदव्युत्तर अध्ययन आणि आपला शिष्यवृत्तिनिधी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. एम. ए.च्या अभ्यासाविषयी आम्ही बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपणांपुढे कबूल केल्यावाचून आम्हांस स्वस्थता लाभणार नाही.

दोन वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील आपल्याच समाजाच्या एका कन्येने संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. ती तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाली होती व धर्मांच्या तौलनिक अध्ययनात एम. ए. करण्याची तिची इच्छा होती. बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले, “धर्म शिकावयास विद्यापीठ कशाला? घरी पोथी आहे, गावात देऊळ आहे.” सारे हसले. अर्ज पुढील बैठकीवर ठेवला गेला आणि पुढील बैठकीत तो निघालाच नाही. आम्ही तेथे उपस्थित होतो. जन्मभर मुलांना ‘शंका विचारा’ म्हणून सांगणारे आम्ही त्या दिवशी मात्र मूग गिळून बसलो.

त्या सद्गृहस्थांचा प्रश्न चुकीचा नव्हता; त्यास उत्तर द्यावयास हवे होते. ते आज देतो.

धर्माचरण आणि धर्माचे अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोथीचे पारायण करणारा भाविक तिच्यापुढे हात जोडतो. अभ्यासक विचारतो : ही पोथी कोणत्या काळातली, कोणत्या भाषेतली, तिच्या हस्तलिखितांत पाठभेद कोणते, आणि तिचा अर्थ कोणी कसा लावला? आपल्याच श्रद्धेच्या आत राहून तिच्या सिद्धांतांची पद्धतशीर मांडणी करणे ही ईश्वरविद्या होय. १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आलेल्या ज्ञानदीप विद्यापीठात ख्रिस्ती धर्मोपदेशकांस असे शिक्षण मिळते. अनेक धर्म शेजारी ठेवून एकाच काट्याने तोलणे हे तौलनिक अध्ययन. दोहोंसही भाषा, इतिहास व तर्क यांचे परिश्रम लागतात.

आणि या परिश्रमांस आपल्या भूमीइतकी समृद्ध सामग्री अन्यत्र क्वचितच असेल. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी नांदेड येथे देह ठेवला. तत्पूर्वी त्यांनी ग्रंथासच गुरुपद दिले, अशी शीख परंपरा आहे. ग्रंथ हाच गुरू, हा धर्मेतिहासातील केवढा मोठा विचार! तो गोदातीरी उच्चारला गेला. त्याच ग्रंथात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबात रुजलेली ती पदे आणि आपल्या गाथ्यातील अभंग यांचे नाते काय? याचे उत्तर देण्यास गुरुमुखीही यावी लागते आणि जुनी मराठीही.

माहूरगडाचे उदाहरण घ्या. तेथे रेणुकामाता आहे आणि दत्तात्रेयही आहेत. सामान्य भाविकांस दत्त हा त्रिमूर्तीचा अवतार. महानुभावांस तो पंचकृष्णांपैकी एक, परमेश्वराचाच अवतार. त्यांच्या लेखी त्रिमूर्तीचा तेथे संबंध नाही. दोघेही तोच गड चढतात. आपण दरवर्षी माहूरला जातो, परंतु हा भेद आपणांपैकी कितीजणांनी मुलांस सांगितला असेल?

विशेष हे की, गुरू गोविंदसिंहांच्याच नावे धर्माध्ययनाचा विभाग १९६७ साली पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात उघडला. तेथे अनेक धर्म एकत्र अभ्यासिले जातात. जवळची स्थळेही आहेत : छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पाली व बौद्ध धर्म, पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात भारतविद्या, मुंबईस सोमैया विद्याविहारात धर्माध्ययन. टिळक विद्यापीठातूनच स्वामी रामानंद तीर्थ एम. ए. झाले. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचे नाव दिले, ते स्वतः संन्यासी होते. संन्यास व विद्यापीठीय विद्या यांत त्यांस विरोध दिसला नाही.

याचा प्रपंचात उपयोग काय, असे कोणी पुसेल. आपल्या घरांत लग्नकार्याच्या वेळी विधवा मातेस मागे बसविले जाते आणि ‘शास्त्र आहे’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपतो. कोणते शास्त्र? कोणत्या ग्रंथात? त्यास विरोधी वचन आहे की नाही? वकिली करीत असता भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात सिद्ध केले, ते अशाच प्रश्नांच्या उत्तरांसाठी चाळावयाचे असतात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी मनुस्मृतीवर व्याख्याने दिली, ती मूळ ग्रंथ वाचून दिली. आपल्या समाजात असा वाचणारा एक जरी निघाला, तरी त्या मागे बसलेल्या मातेच्या बाजूने बोलणारे कोणी असेल.

उदरनिर्वाहाचा प्रश्न आम्ही टाळीत नाही. या विषयात जागा थोड्या आहेत, हे मान्य आहे. प्राध्यापकपदाच्या नेट परीक्षेत ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे. हस्तलिखितांचे, भाषांतराचे, संपादनाचे काम आहे. तरीही विद्यार्थ्याने जोडीस एखादी भाषा किंवा बी. एड. करावे, असाच सल्ला आम्ही देऊ. लातूर पॅटर्नने आपल्या मुलांस डॉक्टर व इंजिनियर केले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु शिष्यवृत्तिनिधीतील प्रत्येक रुपया त्याच दोन वाटांनी गेला, तर तिसऱ्या वाटेवर उभ्या असलेल्या मुलांनी कोणाच्या दारी जावे?

यास्तव आमची विनंती एवढीच : प्रतिवर्षी एक शिष्यवृत्ती, दोन वर्षांची, धर्म व तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर अध्ययनासाठी राखून ठेवावी. जो घेईल त्याने दरवर्षी याच संमेलनात आपण काय शिकलो ते अर्धा तास सांगावे, आणि आपण त्यास प्रश्न विचारावेत. आमच्या निवृत्तिवेतनातून या कार्यास पहिली देणगी आम्ही आज कोषाध्यक्षांकडे दिली आहे.

ती कन्या सध्या लातुरात एका खाजगी शिकवणीवर्गाच्या कचेरीत हजेरीच्या नोंदी ठेवते. गेल्या महिन्यात आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा दिला व विचारले, “गुरुजी, अर्ज पुन्हा लिहावा लागेल का?” आम्ही म्हणालो, नको. तो संस्थेच्या दप्तरात आहे. नव्या कार्यकारिणीने पहिल्या बैठकीत तो प्रथम काढावा, आणि या वेळी तो शेवटपर्यंत वाचावा.