अक्कांचा हजाराचा हिशेब

(कुंभारी येथील गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीतील निरोपसमारंभात केलेले भाषण)



निवृत्त होणाऱ्या व्यक्तीविषयी दोन शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. आजची अडचण अशी की, अक्का समोर बसल्या आहेत आणि मोजत आहेत. ज्या बाईने चाळीस वर्षे विड्या मोजून दिल्या आणि मोजून घेणाऱ्याला एकदाही पंचविसाचे सव्वीस करू दिले नाहीत, ती वक्त्यालाही तिसरा शब्द फुकट बोलू देणार नाही.

अक्कांचे सारे गणित कट्ट्यांचे. मोर्चाला माणसे किती आली, असे विचारले की पोलीस एक आकडा सांगत, वर्तमानपत्रे दुसरा, आणि आपण कार्यकर्ते तिसरा. अक्का मात्र ‘ऐंशी कट्टे आणि वर सात’ असे सांगत, आणि तोच आकडा खरा निघे. लांबलेल्या भाषणावर त्यांचा एकच शेरा असे : ‘पान मोठं, तंबाखू कमी.’ बाहेरगावाहून आलेले कितीतरी विद्वान वक्ते ह्या शेऱ्याने घायाळ झाले आहेत. त्या जायबंद्यांच्या यादीत प्रस्तुत वक्त्याचेही नाव आहे.

हे सारे हसण्यावारी नेले तरी त्यामागचे श्रम विसरता येत नाहीत. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे, तोंड मुडपायचे; आणि ह्यातील प्रत्येक क्रिया दिवसाला हजार वेळा. मांडीवर सूप आणि नाकात तंबाखूची धूळ. चाळीस वर्षांचा हिशेब हात राखून केला तरी अक्कांच्या बोटांतून कोटीच्या आसपास विड्या गेल्या. त्यांची मान जन्मभर सुपावर वाकलेली राहिली. मालकापुढे मात्र ती कधी वाकली नाही. आणि एवढ्या विड्या वळणाऱ्या बाईने आपल्या घरात एकही पेटू दिली नाही, हेही सांगितले पाहिजे. ओढणाऱ्याची जागा उंबऱ्याबाहेर!

घरी बसून विडी वळते ती बाई कामगारच नव्हे, असे मालकवर्ग दीर्घकाळ म्हणत आला. 1966 साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, 1977 साली भविष्य निर्वाह निधी ह्या उद्योगाला लागू झाला, आणि मालक न्यायालयात गेले. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घरी वळणारी बाईदेखील कामगारच आहे. कारण मोठे मार्मिक होते. सदोष विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे. म्हणजेच तिच्या कामावर नियंत्रण त्याचेच आहे. ज्या अधिकाराने हजारो बायकांचे दिवसाचे श्रम सुपातून बाजूला फेकले, त्याच अधिकाराने त्यांना कामगार ठरविले. हे अक्कांना समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्या नापास विड्या दिल्लीत पास झाल्या म्हणा की!’ निकालपत्राचा इतका सुटसुटीत सारांश कोणा वकिलाला साधला असेल, असे वाटत नाही.

कागदावर अक्का अठ्ठावन्नाव्या वर्षीच निवृत्त झाल्या. हातांनी ती नोटीस घेतली नाही, एवढेच. घेणार तरी कशी? ह्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन 2014 साली महिना एक हजार रुपये ठरले. त्या वेळचा हजार आणि आजचा हजार ह्यांत किती अंतर आहे, ते बाजारात जाणाऱ्या बाईला विचारावे. जन्मभर दिवसाला हजार विड्या मोजल्या. आता महिन्याला हजार रुपये मोजायचे. 2017 साली वस्तू व सेवा कराबरोबर विडीवरील कल्याण उपकरही रद्द झाला. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती आणि घरबांधणी ह्यांना साहाय्य करणाऱ्या निधीचा हक्काचा झरा आटला, आणि आता अर्थसंकल्पाच्या मर्जीकडे पाहणे आले.

परंतु अक्कांची खरी मिळकत आपल्या पायांखाली आहे. ह्याच माळावर 2006 साली विडी कामगार भगिनींना दहा हजार घरे मिळाली, आणि वारली आदिवासींना ताठ उभे करणाऱ्या गोदूताईंचे नाव त्या वसाहतीला लाभले. पुढे ह्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना उभी राहिली, आणि तिच्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप जानेवारी 2024 मध्ये झाले. ही घरे कोणाच्या औदार्याने उगवली नाहीत. हेलपाटे, अर्ज, मोर्चे आणि हप्ते ह्यांच्या पायावर ती उभी आहेत. त्या हेलपाट्यांचे कट्टे किती झाले, ते एकट्या अक्काच सांगू शकतील.

विडी आरोग्याला घातक आहे, हे निर्विवाद. हा धंदा उद्या घटत जाणार आणि आपल्या मुलींनी सूप मांडीवर घेऊ नये, हेच इष्ट. पण ज्यांचे आयुष्य सुपात गेले त्यांच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्न धंद्याबरोबर विझणारा नाही. म्हणून अक्कांना हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. निवृत्तिवेतनाचे अर्ज भरण्यासाठी त्या ज्या बाकावर बसत, तो उद्यापासून रिकामा आहे. कोणाचे नाव पासबुकात चुकले, कोणाची जन्मतारीख दोन कागदांवर दोन निघाली, हे निस्तरण्यासाठी तेथे दोघीतिघींनी बसले पाहिजे. नावे आजच द्यावीत.

अक्का, तुम्ही आता विश्रांती घ्या. घेणार नाही, हे ठाऊक आहे. तरी ठराव म्हणून मांडतो. विरोधी मत बहुधा एकच पडेल, तेही तुमचे. ते मोजून ठराव मंजूर झाला, असे मी जाहीर करतो.