'बंकम' : एका शब्दाची जन्मकथा



पोकळ, निरर्थक बोलण्याला इंग्रजीत 'बंकम' असा एक जुना शब्द आहे. आज तो फारसा कानी पडत नाही. पण त्याचा जन्म बाजारात वा गुत्त्यात झालेला नसून कायदेमंडळात झाला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे मिसूरीचा प्रश्न होता. मिसूरीला संघराज्यात घ्यावयाचे ते गुलामगिरीसह की गुलामगिरीवाचून? लांबलेल्या चर्चेला कंटाळलेले सभासद मतदान मागू लागले, तोच नॉर्थ कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर भाषणास उभे राहिले. सहकाऱ्यांनी विनवले, तरी ते बसेनात. आपल्याला 'बंकम'साठी बोलणे भाग आहे, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत आहे. बंकम हा त्यांच्या मतदारसंघातील परगणा. तेव्हापासून मतदारांना दाखविण्यापुरत्या भाषणाला, आणि पुढे कोणत्याही पोकळ बडबडीला, हे नाव पडले. स्वातंत्र्ययुद्धात कैदी होऊन मरण पावलेल्या एडवर्ड बंकम या कर्नलच्या स्मरणार्थ त्या परगण्याचे नाव ठेवलेले होते. त्या वीराच्या नावाची अशी गत झाली!

शब्दाचे पुढे 'बंक' झाले. इतिहास म्हणजे बहुतांशी बंकच, असे मोटारसम्राट हेन्री फोर्ड १९१६ मध्ये म्हणाले. १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड यांच्या कादंबरीतून 'डीबंक', म्हणजे भोपळा फोडणे, हे क्रियापद रूढ झाले.

येथे एक भेद केला पाहिजे. बंकम म्हणजे थाप नव्हे. थाप खोटी असते. बंकम अक्षरशः खरेही असू शकते. आपल्याकडे भाकडकथा म्हणतात. भाकड गाय वैरण खाते, पण दूध देत नाही. बंकमही सभेचा वेळ खाते आणि पुढ्यातील प्रश्नाला काहीच देत नाही.

आणि तो प्रश्न कोणता होता? १८२० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे १५ लाख गुलाम होते. मार्चमध्ये तडजोड झाली आणि १८२१ साली मिसूरी गुलामगिरीसह संघराज्यात आले. १८६० पर्यंत गुलामांची संख्या ३९ लाखांवर गेली. हे एका भाषणामुळे घडले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागत होता, त्यांना ना मत होते, ना वाणी. आणि ज्याला दोन्ही होते, तो आपल्या गावासाठी बोलत होता.

म्हणून कोणतेही भाषण ऐकताना, आणि करतानाही, दोन प्रश्न विचारावेत : हे कोणाला ऐकविण्यासाठी चालले आहे? आणि तोवर कोण ताटकळत उभे आहे?