हरलेल्या संघाचा हिशेब



कामगार चळवळीतला माणूस खेळावर बोलावयास कसा उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मैदानावरचे आम्ही पंडित नाही. परंतु हार हा आमच्या नित्य परिचयाचा विषय आहे. ती कोणाच्या वाट्याला येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या फुटबॉल संघाचा २००८ सालचा हंगाम पाहावा.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन धावतात, फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. त्या वर्षी प्रत्येक संघाला सोळा सामने होते. डेट्रॉईटचा 'लायन्स' संघ सोळाच्या सोळा हरला. गंमत अशी की, हंगामापूर्वीचे सरावाचे चारही सामने त्याने जिंकले होते!

पहिल्याच सामन्यात अटलांटाने त्याला ३४-२१ असे हरविले. १२ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध डॅन ऑर्लोव्हस्की हा खेळाडू चेंडू फेकण्याच्या गडबडीत स्वतःच्याच टोकाच्या रेषेबाहेर गेला. त्याबद्दल प्रतिपक्षाला दोन गुण मिळाले, आणि सामना १२-१० असा दोनच गुणांनी गेला. २७ नोव्हेंबरला, घरोघर सणाचे जेवण चालू असताना, टेनेसीने ४७-१० असा धुव्वा उडविला. २८ डिसेंबरला ग्रीन बेने ३१-२१ अशी शेवटची हार पदरात घातली. वर्षभरात संघाने २६८ गुण केले आणि ५१७ दिले.

लोक ऑर्लोव्हस्कीला हसले, अजूनही हसतात. पण एका माणसाचे पाऊल रेषेबाहेर पडल्याने सोळा सामने जात नाहीत. खेळाडू निवडणारा कारभारी मॅट मिलेन २००१ पासून गादीवर होता. त्या सर्व काळात संघ हरतच आला होता आणि तरी त्याला काढावयास २००८ चा सप्टेंबर उजाडावा लागला. कारखान्यात माल बिघडला की पहिला मेमो यंत्रावरच्या माणसाला मिळतो, हे आपण जाणतोच.

आता हिशेबाकडे वळू. या धंद्यात बत्तीस संघ आहेत. राष्ट्रीय दूरदर्शन प्रक्षेपणाचा पैसा ते आपसांत सारखा वाटून घेतात. अशी एकत्र विक्री करण्याची मोकळीक त्यांना १९६१ च्या कायद्याने दिली आहे. पहिला आला त्याला एक वाटा, शेवटचा आला त्यालाही तेवढाच. इतकेच नव्हे, जो संघ सर्वांत खाली राहतो त्याला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंतून प्रथम निवड करता येते. म्हणजे पडलेल्याला हात देण्याची उत्तम व्यवस्था आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ही व्यवस्था मालकांनी आपल्यापुरती केली आहे. खेळाडूच्या कराराची रक्कम मात्र बहुधा पुरती हमीची नसते. गुडघा निखळला किंवा संघ हरला, तर त्याला काढून टाकता येते. स्पर्धेचे गुणगान कामगारांपुढे करावयाचे आणि आपसांत सहकार चालवावयाचा, ही रीत काही त्या देशापुरती नाही.

त्याच हिवाळ्यात त्या शहरावर दुसरे संकट आले. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे गाव. संघही फोर्ड घराण्याचाच. नोव्हेंबर २००८ मध्ये तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख आपापल्या खासगी विमानांतून वॉशिंग्टनला सरकारी मदत मागावयास गेले. पुढल्या वर्षी क्रायस्लर व जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी दिवाळे काढले. फोर्ड तेवढी वाचली. चुका कारभाऱ्यांच्या होत्या, बाजारही बसला होता. पण महागाईबरोबर वाढणाऱ्या वेतनाचा हक्क कामगारांच्या युनियनला सोडावा लागला. ही त्या शहराची खरी हार होती. तिचा गुणफलक कोणी लावला नाही.

मग हरलेल्याने काय करावे? खेळाडूंचेच पाहा. त्यांची संघटना १९५६ ची. १९८७ मध्ये त्यांनी संप केला. मालकांनी बदली माणसे आणून तीन आठवडे सामने चालविले, आणि चोवीस दिवसांत संप मोडला. करार न होताच सारे कामावर परतले. पण संघटना मोडली नाही. ते न्यायालयात गेले, चिकाटीने लढले, आणि १९९३ मध्ये कराराची मुदत संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याचा हक्क त्यांनी मिळविला. मोटार कामगारांनीही चौदा वर्षे थांबून २०२३ मध्ये सहा आठवड्यांचा संप केला आणि गेलेला महागाईचा हक्क परत आणला.

लायन्स संघानेही लगेच डोके वर काढले असे नाही. २००७ ची अखेर धरून लागोपाठ एकोणीस पराभवांनंतर, २७ सप्टेंबर २००९ रोजी त्याने वॉशिंग्टनला १९-१४ असे हरविले. बाद फेरीतील विजयासाठी मात्र जानेवारी २०२४ उजाडला. १९९२ नंतरचा तो पहिलाच.

म्हणून आमचे सांगणे असे की, हरलेल्याला हसण्यापूर्वी नुकसान कोणाच्या खात्यावर मांडले ते विचारावे. आणि हरलेल्यांनी, आपापसांत दोष देत पांगण्याऐवजी, सभासदांची वही जपून ठेवावी. पुढचा लढा त्या वहीतल्या नावांनिशीच सुरू होतो.